मतासाठी बाजेपर्यंत येता, जखमेसाठीही या

मा. अध्यक्ष, जिल्हा परिषद, गोंदिया
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, गोंदिया
यांस खुले पत्र



१९ एप्रिल २०२४ ला भंडारा-गोंदिया मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं. त्याआधी काही दिवस आपल्या जिल्ह्यात मतदान पथकं गावोगाव फिरत होती. पंच्याऐंशीच्या पुढचे म्हातारे आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेली माणसं, ज्यांनी आधी १२-ड नमुना भरून दिला होता, त्यांचं मत घरी येऊन घेतलं गेलं. पथकासोबत मतपत्रिका होती, लिफाफे होते, चित्रीकरण करणारा होता, पोलीस होता. आमगाव-देवरीकडचा भाग गडचिरोली-चिमूर मतदारसंघात येतो, तिथंही हाच नियम. एका माणसाच्या एका मतासाठी सरकार त्याच्या बाजेपर्यंत चालत आलं, आणि ते योग्यच झालं. त्या पथकांत तुमचेच मास्तर आणि तुमचेच ग्रामसेवक असतात, म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगायला नको.

त्याआधी २०२१ मध्ये, करोनाच्या लशीच्या वेळी, अंथरुणावरच्या माणसांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. केंद्रावर येऊच शकत नाही त्यांचं काय, असं न्यायालयानं विचारलं आणि पुढे राज्यात घरी जाऊन लस देण्याची सोय झाली. थोडक्यात, ठरवलं की जमतं. अंथरुणाला खिळलेला माणूस कुठल्या गावात, कुठल्या टोल्यावर, कुठल्या सपरीत पडून आहे, हे शोधता येतं आणि तिथवर पोचताही येतं.

मग त्याच माणसाच्या पाठीला जखम पडली, लघवीची नळी तुंबली, गिळता येईना म्हणून तो दोन दिवस उपाशी आहे, तेव्हा मात्र सगळी यंत्रणा एकच वाक्य बोलते: पेशंटला घेऊन या. या वाक्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी गोरेगाव तालुक्यातली एक सून आहे. माझ्या सासऱ्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण जे आमच्या वाट्याला आलं ते कुठल्याही दवाखान्यात आलं असतं. भरती असताना औषधपाणी झालं, डॉक्टर भले होते, पैसेही योजनेतून गेले. सुट्टी दिली त्या दिवशी सिस्टरनं हातात कागद ठेवला, गोळ्या सांगितल्या, पंधरा दिवसांनी दाखवायला आणा म्हणाल्या. नाकात एक नळी, लघवीला एक नळी, अशा अवस्थेत बाबांना आम्ही भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं करून घरी आणलं.

घरी आणल्यावर काय करायचं, ते कुणीच सांगितलं नव्हतं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली ठेवायची असते, नाहीतर लघवी उलटी फिरते आणि ताप येतो, हे ताप आल्यावर कळलं. लकव्याच्या माणसाला आडवं ठेवून चमच्यानं पाणी पाजायचं नसतं, ते घशातून फुप्फुसात उतरतं, डोकं आणि पाठ उशांनी उंच करूनच भरवायचं, भरवल्यावरही अर्धा तास तसंच बसतं ठेवायचं, हे शेजारच्या गावातल्या एका निवृत्त नर्सबाईंनी सांगितलं. त्या सहज भेटायला आल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, हेही त्यांनीच. रात्रीसुद्धा. माकडहाडाजवळ रुपयाएवढी लाली दिसली तर समजायचं की आतलं मांस मरायला लागलंय. वरून कातडी शाबूत दिसते, म्हणून घरचे निर्धास्त असतात.

कूस बदलणं म्हणजे नुसतं ढकलणं नव्हे. ढकललं तर अंगाखालची चादर कातडीला घासते आणि जखम तिथूनच सुरू होते. पाठीखाली आडवी घडी केलेली एक साडी कायम ठेवायची. एकानं त्या साडीची दोन टोकं धरून उचलायचं, दुसऱ्यानं खांदा आणि मांडी धरून वळवायचं, पाठीला टेकू म्हणून लोड लावायचा, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. दोन माणसं लागतात. घरात दिवसभर मी एकटी. नवरा कामावर, मुलं शाळेत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. हवेची गादी आणली तर तिचा पंप विजेवर. वीज गेली की गादी बसते आणि म्हातारा बाजेच्या नवारीवर टेकतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्या अहवालात येणार नाही. आमच्याकडे सासरा समोर आला की सुनेनं डोक्यावरचा पदर सारखा करायचा, शक्यतो समोरून जायचं नाही, बोलायचं तर आडून. वीस वर्षं मी ते पाळलं. ज्यांच्यासमोर कधी मान वर केली नाही, त्यांचं धोतर सोडून अंग पुसायची वेळ आली, तेव्हा मला जेवढं अवघड झालं त्याच्या दसपट त्यांना झालं असणार. बोलता येत नव्हतं, पण ते डावा हात डोळ्यांवर घ्यायचे. महिनाभर तसंच चाललं. कुणी शिकलेला माणूस, पुरुष असो की बाई, आठवड्यातून दोनदा जरी आला असता, आंघोळ घालून, नळी बघून गेला असता, तर त्या म्हाताऱ्याची तेवढी तरी लाज राखली गेली असती. आरोग्यसेवेत याची किंमत कुणी धरत नाही. मी धरते.

नळी महिन्याभरात बदलावी लागते. त्यासाठी तालुक्याला न्यायचं. गाडी ठरवायची, उचलायला चार माणसं गोळा करायची, दवाखान्याच्या पायऱ्या चढवायच्या, रांगेत थांबायचं. नळी बदलायचं काम पाच-दहा मिनिटांचं. गाडीचं भाडं नळीपेक्षा कितीतरी जास्त. आणि हे रोवणीच्या दिवसांत आलं तर उचलायला माणसं मिळत नाहीत, सगळा गाव बांधीत. आमचं गाव तरी डांबरी रस्त्यावर आहे. चिचगडच्या पुढच्या, दरेकसाकडच्या, केशोरी-गोठणगावच्या बाजूच्या टोल्यावरून असा माणूस खाली कसा आणत असतील, याचा अंदाज तुमच्या आरोग्य विभागाला माझ्यापेक्षा जास्त असावा.

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट असती तर पत्र लिहिलं नसतं, देवाला नारळ फोडला असता. आपल्या जिल्ह्यात बाजेवर कोण कोण आहे ते बघा. बीपीची गोळी मध्येच सोडून दिल्यानं लकवा मारलेले. आंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या, ज्यांच्या ऑपरेशनला कुणी तयार झालं नाही. सिकलसेलची पोरं, ज्यांच्या हाडांतली कळ रात्री-अपरात्री उठते आणि ज्यांना थंडीत, तापात, पाणी कमी पडलं की भरती करावं लागतं. जन्मतः मेंदूला इजा झालेली मुलं; ती मोठी होतात, वजन वाढतं, आणि आईच्यानं उचलवत नाहीत. आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घोटून दिवसभर गालात धरायची आपली विदर्भाची सवय. त्यातून तोंडाचा कॅन्सर झालेली चाळिशी-पन्नाशीची माणसं. नागपूरच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं की त्यांच्यापुढे उरतं ते एक दुखणं आणि मेडिकल स्टोअरमधली साधी गोळी. अशा दुखण्यावर मॉर्फिन देता यावं म्हणून संसदेनं २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा मुद्दाम सोपा केला. त्याला बारा वर्षं होत आली. तालुक्याच्या दवाखान्यात उभं राहून मॉर्फिनची गोळी मागून बघा, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

या सगळ्यांना घरात कोण बघतं? बायका. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात पंधरा ते एकोणसाठ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. त्यात लहान मुलांचं करणं जास्त आहे, हे मान्य. पण म्हाताऱ्यांचं करणारी बाईही त्याच रकान्यात बसते. आपल्या जिल्ह्यात ती बाई रोवणीला जाते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते, उरलेल्या दिवसांत विड्या वळते. घरात एक माणूस आडवा झाला की तिची मजुरी बुडते. कुटुंबाला औषधाचा खर्च दिसतो, या बुडालेल्या मजुरीचा हिशोब कुणी मांडत नाही, ती स्वतःसुद्धा नाही. म्हातारपणी आईवडिलांना सांभाळा म्हणून २००७ चा कायदा आहे, न सांभाळल्यास तक्रारीला न्यायाधिकरण आहे. सांभाळणारीला हात द्यायला काय आहे, ते मी शोधलं. कागदावर बरंच सापडलं.

पहिला कागद म्हणजे आशाताईंचा सीबॅक फॉर्म. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना, चालताना तोल जातो का? हालचाल करता येत नाही असं काही अपंगत्व आहे का? जेवायला, कपडे घालायला, आंघोळीला, चालायला, संडासला दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं, घरचा पत्ता विसरायला होतं का? ज्यानं कुणी हे प्रश्न लिहिले त्याला घरातलं दुखणं कळतं. आमच्याकडेही आशाताई आल्या होत्या. बाबांच्या प्रश्नापुढे ‘होय’ अशी खूण केली, बाबांकडे बघून हळहळल्या आणि पुढच्या घरी गेल्या. त्यांची चूक नाही. ‘होय’ आल्यावर काय, तर पेशंटला दवाखान्यात पाठवा. ज्याला संडासला जायला दोन माणसं लागतात असं आत्ताच लिहून घेतलं, त्यालाच म्हणायचं, दवाखान्यात या.

दुसरा कागद आयुष्मान आरोग्य मंदिरांचा. उपकेंद्रांवर ही पाटी लागली. तिथं द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांत वृद्धांची सेवा आणि न बरं होणाऱ्या आजारांतली वेदनाशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, लेखी दिलेली आहे. केंद्राच्या मार्गदर्शनात घराबाहेर न पडू शकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी भेटी देण्याची अपेक्षा आहे. उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येला एक, आदिवासी भागात तीन हजाराला एक. २०११ च्या जनगणनेत राज्यात शंभरातले जवळजवळ दहा लोक साठीच्या पुढचे होते. म्हणजे एका उपकेंद्राच्या वाट्याला तीनशे ते पाचशे म्हातारी माणसं, आणि त्यातली अगदी बाजेवरची थोडकीच. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ती नावानिशी माहीत असू शकतात. काही गावांत आहेतही. पण त्या मॅडमकडे गाडी नाही, बदलायला नळी नाही, ड्रेसिंगचं सामान मोजकं, आणि महिनाअखेर ऑनलाइन भरायच्या रकान्यांचा डोंगर.

तिसरा कागद पैशांचा. महात्मा फुले योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मानचे पाच लाख. चांगलंच आहे, आम्हालाही उपयोग झाला. पण हा पैसा भरती झालेल्या माणसाचा. दवाखान्याच्या खाटेवर असेपर्यंत पाच लाख, घरच्या बाजेवर आला की सुट्टीनंतरच्या काही दिवसांच्या गोळ्या आणि रामराम. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीच्या पुढच्या गरीब माणसाला साधनं घ्यायला तीन हजार रुपये मिळतात, तेही एकदाच. तीन हजारांत कमोडची खुर्ची घ्यायची की वॉकर, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसे डायपरलाही पुरत नाहीत.

आणि चौथा कागद दिव्यांग हक्क कायदा, २०१६. त्याच्या २४ व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता असं स्पष्ट लिहिलंय. कायदा येऊन दहा वर्षं होत आली. केरळात ‘आश्वासकिरणम्’ नावाच्या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्याला महिना सहाशे रुपये ठरवलेत. रक्कम हास्यास्पद आहे, पण त्या बाईचं नाव तरी सरकारी यादीत आहे. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून यासाठी स्वतंत्र विमा आहे. जर्मनीत तर घरच्याच माणसानं सेवा केली तरी रोख पैसे मिळतात. तिथलं सगळं इथं होणार नाही, मला कळतं.

पण लांब कशाला जायचं? अर्जुनी मोरगावची हद्द ओलांडली की गडचिरोली लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून बाळंतिणीच्या घरी पाठवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, सगळं घरात. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारनं तीच पद्धत देशभर नेली. आज आपल्या जिल्ह्यात दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. त्याचा त्यांना मोबदला आहे, नोंदवही आहे, शिक्षण आहे. पुढे पंधरा महिन्यांपर्यंत आणखी पाच भेटी. बाळंतिणीला आणायला आणि घरी सोडायलाही सरकारी गाडी आहे, २०११ पासून, मोफत.

घरी जाऊन सेवा करण्याची ही रीत आपल्याच झाडीपट्टीत जन्माला आली, आणि आपणच ती बाळाच्या पंधराव्या महिन्याला थांबवली. माणूस पुन्हा तितकाच परावलंबी होतो तेव्हा ना वेळापत्रक, ना नोंदवही, ना घरी सोडणारी गाडी. १०८ ची गाडी दवाखान्यात नेते, त्याबद्दल तिचे उपकार. दवाखान्यातून लकव्याचा माणूस घरी कसा जातो, हे कुणाच्याच खात्यात बसत नाही.

दुसरा धडा केरळचा. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांसाठी काम सुरू केलं. लवकरच त्यांना कळलं की पेशंट दवाखान्यात येऊ शकत नाही, आणि डॉक्टर एकटा घरोघर पुरत नाही. म्हणून त्यांनी गावची माणसं तयार केली. आठवड्यातले दोन तास देणारा शिक्षक, दुकानदार, रिक्षावाला. २००८ मध्ये राज्यानं धोरण केलं आणि जबाबदारी कुणावर दिली? आरोग्य खात्याइतकीच ग्रामपंचायतींवर. तिथली पंचायत घरोघर जाणारी नर्स नेमते, गाडीचा खर्च करते. म्हणूनच मी हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय. प्राथमिक आरोग्य केंद्रं तुमची, उपकेंद्रं तुमची, ग्रामपंचायती तुमच्या हाताखालच्या.

यावर तुमच्याकडून काय उत्तर येईल, ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत, आहे ती ओपीडी चालत नाही, घरी कुठून जायचं? मला डॉक्टर नको आहे. लकव्याच्या माणसाला नव्वद टक्के दिवस लागते ती नर्स, आणि सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत व्यायाम करून घेणारा फिजिओ. ते महिने गेले की हात आखडतो तो आखडतोच. बाबांचा आखडला. फिजिओ गोंदियात होता, बाबा गावात होते, आणि मध्ये भाड्याची गाडी होती.

दुसरं उत्तर असं येईल की आशांना सांगू. कृपा करून सांगू नका. २०२३-२४ मध्ये त्या आठवडेच्या आठवडे संपावर बसल्या तेव्हा कुठे त्यांच्या मानधनात राज्यानं पाच हजारांची भर घातली. त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम फुकट ठेवलं तर एक खूण वाढेल, सेवा वाढणार नाही. बाळंतिणीच्या भेटीसारखा दर भेटीचा मोबदला आणि आठ दिवसांचं नीट शिक्षण देणार असाल, तरच त्यांचं नाव घ्या.

तिसरं उत्तर न बोलता दिलं जातं: घरची माणसं करतातच की. करतात, अर्धवट शिकून करतात, रडत करतात. शहरात ज्यांना परवडतं ते ब्यूरोकडून महिन्यावर बाई ठेवतात. तिला काय येतं, काय येत नाही, हे कुणी तपासत नाही आणि तिला सुट्टी असते की नाही, हेही कुणी विचारत नाही. गावात तोही पर्याय नाही.

मग काय करता येईल? आपला जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आठ तालुके, २०११ ला सव्वातेरा लाखांची वस्ती. फार मोठा पसारा नाही. तालुक्याला एक गाडी, तीत एक अनुभवी नर्स, एक मदतनीस आणि आठवड्यातले दोन दिवस फिजिओ. आठही तालुके एकदम जमत नसतील तर सालेकसा आणि देवरीपासून सुरू करा, गोंदिया शहर शेवटी घ्या. शहराजवळून सुरू झालेली योजना शहराजवळच राहते, हा आपला आजवरचा अनुभव. गाडीचा वार ठरलेला असावा: सोमवारी अमुक आरोग्य केंद्राची गावं, मंगळवारी तमुक. नळी बदलणं, जखम धुणं, शुगर-बीपी बघणं, महिन्याच्या गोळ्या देणं आणि घरच्या बाईला हाताला धरून शिकवणं. शेवटचं काम सगळ्यात मोठं. एकदा नीट शिकवलं तर अर्ध्या जखमा पडणारच नाहीत. आणि ही गाडी आली की आशाताईंच्या फॉर्मवरच्या त्या ‘होय’ला जायला जागा मिळेल.

सामान विकत देऊ नका, उसनं द्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन-चार हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, वॉकर, एखादी पाठ वर होणारी खाट ठेवा. वहीत सही करून न्यायचं, काम संपलं की परत. आमच्या घरी आजही एक व्हीलचेअर आणि एक गादी माळ्यावर पडून आहे. कुणाला द्यावी तर द्यायची जागा नाही. अशा वस्तू गावागावात धूळ खात असतील. आरोग्य केंद्रानं नुसता निरोप पाठवला तरी लोक आणून देतील.

पैशांबद्दलही बोलते, कारण शेवटी बोलणं तिथंच येऊन थांबतं. स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तुम्हालाही बंधनकारक आहे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीलाही. अनेक ग्रामपंचायतींत मार्च जवळ आला की तो पैसा काही साहित्य वाटून किंवा माणशी थोडी रक्कम देऊन संपवला जातो, फोटो निघतो. गावोगाव विखुरलेला हा निधी तालुक्याला एकत्र आला, त्याला जिल्हा वार्षिक योजनेतून जोड मिळाली आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानात मागणी नीट घातली गेली, तर आठ गाड्या आणि आठ नर्सेस हे स्वप्न राहत नाही. नियम आडवा येत असेल तर तसा ठराव करून शासनाकडे पाठवा. आमच्या नावानं तुम्ही एवढे ठराव करता, हा एक आणखी.

गोंदियाचं मेडिकल कॉलेज २०१६ ला सुरू झालं. ते, कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय तुमच्या हुकमात नाहीत, हे मला माहीत आहे. पण जिल्हाधिकाऱ्यांसोबतच्या बैठकीत एवढं तरी मागा की नळी घालून किंवा लकव्याच्या अवस्थेत सुट्टी दिलेल्या प्रत्येक माणसाचं नाव त्याच दिवशी त्याच्या उपकेंद्राला कळावं, आणि सुट्टीच्या आधी एक तास घरच्या माणसाला खाटेशेजारी उभं करून शिकवावं. मराठीत, आणि जिथं लागेल तिथं पोवारीत, गोंडीत, छत्तीसगडीत. वॉर्डात शिकायला येणाऱ्या नर्सिंगच्या मुली हे काम आनंदानं करतील, त्यांचंही शिक्षण होईल. यात एका रुपयाचाही खर्च नाही. खर्चाचं कारण सांगून लांबवता येणार नाही असं माझ्या यादीतलं हे एकच काम आहे, म्हणून उद्यापासून हेच सुरू व्हावं.

बाबा गेले. जखमेतून जंतू रक्तात गेले होते. वय झालं होतं असं सगळे म्हणाले. वय झालं होतंच, पण ते वयानं गेले नाहीत, पाठीच्या जखमेनं गेले, आणि ती जखम टाळता येण्यासारखी होती.

तुमच्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींसाठी घरपोच आरोग्यसेवा’ असा एक विषय घ्या. त्याआधी महिनाभरात उपकेंद्रनिहाय अशा माणसांची यादी करून घ्या आणि ती सभेपुढे ठेवा. यादीत किती नावं येतात ते बघूनच गाड्यांचं ठरवा. सभेला माझ्यासारख्या घरी करणाऱ्या दोन-चार बायांना बोलवा. बसभाडं आम्ही आमचं करू. फक्त सभा रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत ठेवू नका, आणि दुपारी चारपर्यंत सोडा, कारण घरी कुणाची तरी कूस बदलायची असते.

आपली,
गोरेगाव तालुक्यातली एक सून